उजवा गुडघा : पुरवणी जबाब

माननीय मंडळ,
मी रोझान टॉलेफसन, मायनॉट, नॉर्थ डकोटा.
ऑर्विलची बायको.
एकोणतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली,
तेव्हा कोनाबद्दल बोलायचा
मला थोडा तरी अधिकार असावा.

तुमच्या डॉक्टरांनी अकरा मिनिटं घेतली.
घड्याळाकडे बघायची सवय, तास संपले तरी, गेलेली नाही.
मुलांच्या कंपासपेटीत असतं तसलंच प्लॅस्टिकचं मापक
गुडघ्याला लावलं, पाय मागे दाबला
आणि लिहिलं : पंच्याण्णव अंश.
सत्तराला ऑर्विलनं टेबलाची कड घट्ट धरली होती.
ती कड कुठल्याच रकान्यात नाही.

मग पत्र आलं. दहा टक्के.
टक्के तुम्ही दिलेत,
टोणपे त्यानं आधीच खाल्ले होते :
विमानातून एकशे चौदा उड्या, बहुतेक रात्रीच्या,
अंगावर स्वतःच्या निम्म्या वजनाचं ओझं.
एकोणिसाव्या उडीनंतरच्या सुजेची नोंद आहे.
पुढच्या सुजांची नाही, कारण
दवाखान्याच्या रांगेत दिसलेल्या माणसाला पलटणीत काय म्हणत
ते मी इथं लिहिणार नाही.

काउंटी कचेरीतले मर्ल क्विस्ट म्हणाले,
बाई, विशेषणं नकोत. तारखा लिहा.

तीन नोव्हेंबर.
तळघराच्या जिन्यात गुडघ्यानं दगा दिला.
त्यानं आधी बटाटे वेचले, मग स्वतःला.

नऊ डिसेंबर. बाहेर उणे एकतीस.
बिछान्यातून उठायला चाळीस मिनिटं.
मला म्हणाला, वाचत पडलो होतो.
खोलीत दिवा नव्हता.

बावीस मे. लेलंड ब्रुनेलची दफनविधी.
झेंड्याची घडी विधवेला देताना गुडघा टेकायचा असतो.
ऑर्विलनं टेकला.
तो निळा त्रिकोण व्हेराच्या मांडीवर ठेवला,
म्हणायचे ते शब्द न अडखळता म्हणाला,
आणि मग त्याला उठता येईना.
बंदुकांच्या सलामीनंतरची शांतता. वारा. आणि तो तिथंच.
शेवटी व्हेरानं नवऱ्याचा झेंडा काखेत धरला
आणि दोन्ही हातांनी माझ्या नवऱ्याला उभं केलं.
गुडघे टेकणं सोपं असतं असं कुणी म्हणालं
तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सुनावणीला पडद्यावर न्यायाधीश बाई होत्या, मऊ आवाजाच्या.
विचारलं, सगळ्यात वाईट दिवस कसा असतो?
ऑर्विल म्हणाला, "चालतंय, मॅडम."
चालतंय!
टेबलाखालून मी त्याच्या पायावर पाय दिला.
डाव्या.
हाडाचा सैनिक म्हणतात ना, तसा तो आहे,
म्हणून तर हाडांचं काही सांगत नाही.

चौदा महिन्यांनी निकाल : प्रकरण परत.
नव्यानं तपासा, दुखणं बळावतं तेव्हा किती वाकतो ते बघा.
बरोबर आहे. आम्ही तेच म्हणत होतो.
पण दुखणं तुमची तारीख विचारून बळावत नाही.
तपासणी सोळा जानेवारी, सकाळी आठ, फार्गो,
अडीचशे मैल बर्फातून.
त्या दिवशी त्याचा पाय बरा असला तर
आम्ही देवाचे आभार मानायचे
की आणखी एक अपील करायचं?

मुलांना सांगायचे : आधी पक्ष लिहा, मग साध्य,
आणि नुसत्या आकृतीवर विसंबू नका,
ती हातानं काढलेली असते.
इथं पक्ष सगळा लिहून झाला आहे.
सिद्धतेत मी कुठं अडते आहे ते कळत नाही.

हे लिहिताना तो बाहेर पायऱ्यांवर मीठ टाकतो आहे,
मी घसरू नये म्हणून.
एक हात कठड्याला. एक पायरी. थांबतो.
खिडकीतून मोजते आहे.
पायऱ्या चार आहेत.
तो अजून दुसरीवर आहे.