मायना

लिस्बनहून पाकीट आलं, लाखेनं बंद.
आत जुनीच तिकिटं, पंचवीस रेइशची.
तोच मिसरूड फुटलेला राजा, चापून बसवलेले केस,
फक्त चेहऱ्यावरून तिरका, तांबड्या शाईत, एक शब्द:
प्रजासत्ताक.
नवी छापायला सवड झाली नसावी.

मी बेलार्मिनू, या डोंगरगावचा पोस्टमास्तर.
बावीस वर्षांत तीन राजे
जिभेनं ओले करून चिकटवले.
चव तिघांचीही डिंकाचीच.

मग परिपत्रकं सुरू झाली.
निळा-पांढरा झेंडा उतरवा, हिरवा-तांबडा चढवा.
उतरलेल्या कापडाचं काय, ते कुणी लिहिलं नव्हतं;
आदोझिंदानं त्याची झबली शिवली.
पाळण्यात अजून राजवट आहे, म्हणायची, आणि हसायची.
नाताळला कुटुंबदिन म्हणा.
पाद्रीबाबांनी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
शुद्धलेखन बदललं. औषधाच्या दुकानावरची
दोन अक्षरं जाऊन एक आलं,
झेफेरिनूनं पाटी खरवडली, रंगवली,
पण तिरपं ऊन पडलं की
जुनी दोन्ही खालून वर येतात.

इन्स्पेक्टरनं पोरांकडून एक रोप लावून घेतलं.
म्हणाला, हे रोप नाही, हे राष्ट्र आहे.
टाळ्या झाल्या.
रात्री कुणाची तरी शेळी सुटली.
सकाळी राष्ट्राला शेंडा नव्हता.
आम्ही गुपचूप दुसरं लावलं, त्याच खड्ड्यात.

आणि झुल्मिरा आली, दरसालसारखी, अर्ज सांगायला.
मुलगा अंगोलात, पलटणीत. सात वर्षं पत्र नाही.
आजवर मी लिहीत आलो: महाराजांच्या चरणी.
उत्तर कधीच आलं नाही, पण मायना तरी ठरलेला होता.
आता काय घालू?
मी टाक बुडवून बसलो.

तिनं वर बघितलं. खिळा जुनाच होता,
त्याखाली फळीवर नवी प्लास्टरची मूर्ती,
डोक्याला टोपी, एक खांदा उघडा.
'ही कोण?'
हीच ती, म्हटलं. हिचंच राज्य.
'बाई आहे?' झुल्मिरा पुढे सरकली.
'मग बरं झालं. बाई, असं लिही. नुसतं बाई.'

त्या बाईच्या राज्यात बायकांना मत नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.
लिहिलं: बाई, माझा आमांदियू.

तिकीट तिनं स्वतः ओलं केलं,
चिकटवताना थबकली,
तांबड्या अक्षरांखालचं तोंड अंगठ्यानं पुसून पाहिलं.
'पोरच आहे की हो हे,' म्हणाली.
'ह्याच्या आईला ठाऊक आहे ना,
हा कुठाय ते?'