दहा टक्के साखरेचं पाणी

पाठीवर दोनदा फवारायचं,
दहा टक्के साखरेचं पाणी, जरासं चिकट.
मग स्टॉपवॉच दाबून पाच मिनिटं बसायचं
आणि मोजायचं, उंदीर स्वतःला किती वेळ चाटतो.

ज्याला अजून गोड लागतं
तो लगेच मान वळवतो, पाठ साफ करायला घेतो,
जणू पाहुणे यायचेत.
ज्याला लागत नाही
तो कोपऱ्यात ओल्या फडक्यासारखा.
साखर त्याच्या अंगावरच वाळते.

रेनच्या या तळघरात मला अकरा वर्षं झाली.
इथे संध्याकाळी सातला उजाडतं, टायमर म्हणेल तसं.
सोळा आठवडे मी त्यांना चरबीच्या गोळ्या घालते.
हातमोजे घालूनही बोटांना वास राहतो.
फर तेलकट होते, पोटं जमिनीला टेकतात,
शेपटीच्या टोकाचा थेंब सांगतो, साखर चढली,
आणि एका सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री,
पिंजऱ्यात टाकलेला कापूस तसाच चौकोनी सापडतो.
कुणी कुरतडला नाही, कुणी घरटं केलं नाही.

मग औषध. कुणाला उदासीचं,
कुणाला मधुमेहाचं, कुणाला दोन्ही,
आणि कुणाला नुसतं पाणी.
कुठल्या बाटलीत काय, मला सांगत नाहीत.
बाटल्यांवर रंगीत टिकल्या असतात.
मी हिरव्या टिकलीला उगाच जीव लावते.

रविवारी लोरियाँला जाते, तुगदुआलकडे.
माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं पहाटे तीनला
मासळीच्या लिलावात बोली पुकारली त्याने.
नाकावर माशी बसू द्यायचा नाही.
कुणी त्याच्या वजनकाट्यावर शंका घेतली
तर अख्खा धक्का ऐकायचा.

आता तो स्वयंपाकघरात, शुक्रवारच्याच स्वेटरमध्ये.
पुढ्यात खारट लोण्याचा केक, कागदातच, अर्धा.
गोड लागत नाही, म्हणतो, आणि खातो.
मग खातोस कशाला?
उरलाय म्हणून.

त्याच्या हनुवटीला जॅम लागला होता.
मी मनगटावरचं घड्याळ बघितलं.
एक मिनिट. दोन.
पाच झाली तरी बघत होते.
सख्ख्या भावाच्या हनुवटीवर!
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर मादेक बाई म्हणाल्या,
दोन वर्षं आपण डोक्याला औषध देतोय
आणि साखरेकडे काणाडोळा करतोय.
दोन्ही एकत्र घेऊन बघू.
बघू हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.
आमच्याकडे तो सोळा आठवड्यांचा असतो.

पहिला महिना तो संडासातच होता.
दुसऱ्या महिन्यात मला फोनवर शिव्या घातल्या.
मला बरं वाटलं. शिव्या जुन्या होत्या, धक्क्यावरच्या.
मग पुन्हा पंधरा दिवस फोन नाही.

एकदा त्याने विचारलं, तुझ्या उंदरांचं काय झालं?
काही चाटायला लागले, मी म्हटलं.
आणि मग?
मी काटे-चमचे धुवायला घेतले.
आणि मग काय होतं, ते लिहायला
वहीत वेगळा रकाना आहे.

नोव्हेंबरात गेले तेव्हा त्याने दार स्वतः उघडलं.
गव्हाळ काळ्या पिठाचं धिरडं, वर अंडं.
पहिल्याच घासाला पिवळा बलक मिशीत उतरला.
मी उठून खिडकीशी गेले.
घड्याळ पर्समध्ये, पर्स बाहेर खुंटीला.
खाली बंदरात एक क्रेन वळत होती,
कशासाठी कोण जाणे, रविवार होता.
काय बघतेस? तो म्हणाला.
काही नाही.

निघताना त्याने मला मिठी मारली, नेहमीसारखी अर्धवट.
उजव्या बाहीवर पिवळा ओघळ होता, ओला.
आई असती तर ओरडली असती.