उणे सव्वीस

तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
तेवीस वर्षं मी दारं उघडतो, लावतो,
आत काय आहे ते विचारत नाही.
ओउलूत जानेवारीचा सूर्य
चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा
उंबऱ्यावरूनच परत जातो.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
फ्रीझरांची घरघर थांबली.
इतकी वर्षं ती कानात होती
हे मला थांबल्यावर कळलं.
जनरेटर दोनदा खोकला, मान टाकली.
मी भिंतीवरची यादी काढली
आणि झोपलेल्या विद्वानांना एकेक करून उठवलं.

पहिली आली सिर्क्का, डॉक्टर,
झोपायच्या कपड्यांवर नवऱ्याचा कोट.
तिच्या खणांत चारशे बारा बाळांच्या नाळेचं रक्त.
"यातली काही आता दुसरीत आहेत," ती म्हणाली,
"एकाचे तर पुढचे दात पडलेत."
आणि खोकं असं उचललं
की मी आपोआप दार धरून उभा राहिलो.

मग आर्मास, उत्खननवाला.
दलदलीतून काढलेला चामडी बूट एक,
आत कोंबलेलं गवत अजून तसंच.
"कुणाचा?" मी पहिल्यांदाच विचारलं.
"नाव नाही. डावा पाय. लहान."
तो पुढे काही बोलला नाही,
मीही उजव्याची चौकशी केली नाही.

ऐनिक्कीच्या नळ्यांत तळ्याचा गाळ,
थरावर थर, पाइनचे पराग, जळलेल्या रानाची काजळी.
"उभ्या धरा!" ती जिन्यातून ओरडली,
"आडव्या केल्यात तर अठरावं शतक
विसाव्यात सांडेल!"
आम्ही शतकं उभी धरून
एकेक पायरी चढलो.

काउको यादीत नव्हता. गणितवाला.
त्याचं काम वितळत नाही, नासत नाही,
वीज गेली तरी खरंच राहतं.
समोरच राहतो, खिडकीतून बॅटऱ्या दिसल्या,
तर पोरीची घसरगाडी ओढत आला.
"मोजायचं काम द्या," म्हणाला.
तीनदा मोजलं, तीन उत्तरं आली.
त्याच्या विषयात म्हणे
पाचाच्या पुढचे आकडे फारसे लागत नाहीत.
मग मोजणी मी केली, त्याने गाडी ओढली.

अंगणात फावड्याने चर खणला.
जिला बाहेर ठेवण्यासाठी
आमच्या गावाने दुहेरी खिडक्या बसवल्या,
त्या थंडीपुढे आम्ही पदर पसरला.
तापमापी: उणे सव्वीस.
"मला उणे ऐंशी लागतं," सिर्क्काचा आवाज चिरला.
"उणे सव्वीस त्याहून मोठं आहे," काउको म्हणाला.
कुणी हसलं नाही.
मग आर्मास हसला, आणि थांबेचना.

पहाटे मी एकटाच राखणीला होतो.
एक कोल्हा आला, हुंगून गेला,
रक्ताच्या खोक्यांकडे नाही, बुटाकडे.
झाकण जरा सरकलं होतं.
बुटाच्या तळाला बर्फ लागला होता,
किती काळानंतर, कोण जाणे.
मी ते लगेच लावायला हवं होतं.
थोडा वेळ तसंच राहू दिलं.

आठला वीज आली.
एकतीस बाळांचं रक्त वाया गेलं.
सिर्क्काच्या निबंधात सातव्या पानावर बारीक अक्षरांत आहे:
नमुने एकतीसने उणे, कारण वीजपुरवठा.
काउकोचं नाव कुठेच नाही. माझंही.
घसरगाडीची एक पट्टी तुटली होती,
ती मी तळघरात बसून नीट केली.

आता किल्ली फिरवताना मी विचारतो.
परवा ऐनिक्कीच्या हातात नवी बरणी होती.
"काय आहे?"
"शेवाळ."
"किती जुनं?"
तिने माझ्याकडे बघितलं,
बरणी खाली ठेवली,
म्हणाली, "बसायला वेळ आहे?"