सपाट बाजू

टाके सुटतायत, एवढंच ती फोनवर म्हणाली
आणि मी शिरोड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीला आलो.
डिकीत पेचकस, मऊ ब्रश, तेलाची कुपी,
सुयांची दोन पाकिटं : चौदा नंबर, सोळा नंबर.

आर्सेनिया बाय बाल्कांवात उभी. "यो, मेस्ता."
गळ्यात मेजपट्टी,
चाळिसाच्या पुढचे आकडे बोटांनी पुसून गेलेले.
तिथून पुढे अंदाजानं, ती म्हणते.

मशीन खिडकीपाशी. काळं, पायाचं.
सोनेरी वेल घामानं खाल्लेला
नेमका तिथे, जिथे पन्नास वर्षं डावं मनगट टेकलं.

मी नेहमी चाकापासून सुरू करतो.
हातचाक मोकळं. पायट्याला कुरकुर नाही.
चामड्याचा पट्टा एका जागी तारेनं जोडलेला.
"तो टाका सांतानाचा, म्हणून वाकडा."
सांतान तिचा नवरा. फोटोत आहे.

मग दाबाचा पाय उचलला, सरकपट्टी काढली
आणि दात्यांच्या खाली पोचलो.

तिथे दोऱ्याच्या धुळीची गादी साचते, सगळ्याच मशिनांत.
तेल पिऊन घट्ट झालेली. अलगद उचलली तर थर दिसतात :
वर निळा, शाळेचे गणवेश.
त्याखाली पांढरा, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे झगे.
मग काळा, बराच जाड.
"तळाक कितें आसा?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, लाल.
"सादो," ती म्हणाली. लग्नातला. कोणाच्या, ते सांगितलं नाही.

बॉबिन सरळ. डबीची स्प्रिंग ठीक.
ताणाच्या चकत्या ठीक, मध्ये एक तंतूही नाही.
शटलचं टोक नखावर घासून पाहिलं, टोचलं.

मग सुई.

सुईच्या दांड्याला एक सपाट बाजू असते.
सुई खाली जाते, किंचित वर येते, दोऱ्याचा फास पडतो
आणि शटलचं टोक त्या फासात शिरतं.
एवढ्याशा गोष्टीवर आपण सगळे कपड्यांत आहोत.
सपाट बाजू उलटी बसली की फास चुकतो,
शटल रिकामं फिरून येतं.
ही शिकाऊ पोरींची चूक. पहिल्या आठवड्यातली.

मी वर पाहिलं.
ती खिडकीकडे पाहत होती,
किंवा खिडकी जिथे असायला हवी तिकडे.
"मजे दोळे बरे आसात," ती म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

स्क्रू सैल केला, सुई अर्धी फिरवली, स्क्रू आवळला.
काम संपलं.
त्यानंतर पाऊण तास मी न बिघडलेलं मशीन दुरुस्त केलं.
शटल काढलं, पुसलं, परत बसवलं, परत काढलं,
पेचकस दोनदा मुद्दाम खाली पाडला,
तेलाची गरज नसलेल्या भोकांतही तेल सोडलं.
म्हटलं, शटल झिजलं होतं, बाय.
"मशीन म्हातारें जालें," ती म्हणाली
आणि खुर्चीत जरा सैल बसली.

चिंधीवर एक ओळ मारून दिली.
तिनं अंगठ्याच्या नखानं टाके मोजले, इंचाला बारा.
मी नंतर डोळ्यांनी मोजले. बाराच.

धुळीची ती गादी मात्र तिनं फेकू दिली नाही.
टाचण्या टोचायला बरी, म्हणाली,
आणि चाचपत एक टोचूनही पाहिली.

निघताना तिनं सुया मागितल्या.
डिकीत दोन पाकिटं होती. मी म्हटलं, संपल्या.
पंधरा दिवसांनी या वाटेनं येणारच आहे,
येताना घेऊन येतो.

ती थोडा वेळ काही बोलली नाही.
बोटं सुईच्या दांड्यापर्यंत गेली,
सपाट बाजूवरून एकदा फिरली, थांबली.

"बरें," ती म्हणाली. "घालपाक पुण तूंच यो."