झोळ

लोहगाव ते नागपूर, सरळ रेषेत सहाशे पाच किलोमीटर.
नातवाने फोनवर दाखवलं. वेळ एक तास पंचवीस.
एवढंच? मी म्हणालो.
एवढंच, तो म्हणाला, आणि माझी पिशवी पुन्हा तपासून
तिच्यातला अडकित्ता काढून ठेवला.

रेषा निळी होती.
तिने मुळा-मुठेला विचारलं नव्हतं, भीमेला नाही.
वाटेत कुणाचा गट नंबर नाही, शीव नाही,
बांधावर हरकत घेऊन आडवं पडलेलं कुणी नाही.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
इतकी बिनतक्रार रेषा माझ्या हातून एकदाही झाली नाही.

मी तेहतीस फुटी साखळीतला माणूस.
सोळा आणे लांबी, टोकं दोन.
पुढचं शालिक मेश्रामकडे, मागचं माझ्याकडे.
मुळशी, वेल्हे, भोर;
भातखाचरांतून, करवंदीच्या जाळ्यांतून,
एकदा तर लग्नाच्या मांडवातून, पंगत चालू असताना.
कारवीत शालिक पार बुडून जायचा.
हाताला ताण आला की कळायचं, आहे.
सैल पडली की पलीकडून हाक यायची,
"झोल हाये सायेब, ताना."

झोळ राहिला की अंतर जास्त भरतं.
खात्यात नवीन आलेल्यांना हे सांगावं लागतं.

धायरीहून दीडला निघालो.
स्वारगेट, स्टेशन, येरवडा, गुंजन चौकात तीन सिग्नल एकाच जागी.
बावीस किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं.
टॅक्सीवाला म्हणाला, काका, एवढ्यात तुम्ही तिकडे चहा घेत असता.

धावपट्टी वायुदलाची. आधी त्यांची दोन गेली.
काचा थरथरल्या, शेजारचं बाळ दूध प्यायचं थांबलं
आणि आईकडे बघून पुन्हा लागलं.
फळ्यावर आमची वेळ पुढे सरकली. मग आणखी सरकली.

तिकिटाच्या पाठीवर आकडे मांडत बसलो, सवय.
साठ हजार एकशे पन्नास साखळ्या.
ऊन बरं असलं तर दिवसाला दोनशे व्हायच्या आमच्या.
म्हणजे तीनशे दिवस.
रविवार, सणवार, आजारपण धरून सव्वा वर्ष.
शालिकला नागपूरला जाऊन बारा झाली.
मोजत मोजत निघालो असतो
तरी नऊ वेळा पोचलो असतो त्याच्या दारात.
आकडा दोनदा तपासला. बरोबर होता.

पौर्णिमाचा फोन आला.
काका, निघालं का विमान?
बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं कळत नाही,
पण डाव्या मुठीत चादरीचं टोक धरलंय ते सोडत नाहीत.
नर्स ओढते, हे ताणून धरतात.
थांबा, कानाला लावते. बोला काहीतरी.

काय बोलणार.
तब्येत विचारायची सोय नव्हती.
वसुलीला आल्यासारखा आवाज निघाला माझा,
"शालिक, झोळ आहे का रे?"

बराच वेळ नळीतून वारा जावा तसं काहीतरी.
मग एक अक्षर.
"ता" असेल.
"या" सुद्धा असेल.

मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.
अजून कुणाला बोलावलं नव्हतं.
रांगेत माझ्यापुढे कोणी नव्हतं.