पानाची मागची बाजू

मीटरचा फोटो काढायचा, हे माझं काम.
आकडे स्पष्ट हवेत, काचेवर ऊन चमकायला नको,
नाहीतर ऑफिसातून 'अस्पष्ट' असा शेरा येतो
आणि शामरावनगरच्या त्याच बोळात परत जावं लागतं,
त्याच कुत्र्यासमोर.

मीटरखाली काय उगवलंय
हे कुणी विचारलेलं नाही.
त्याचाही काढतो.

सुरुवात एकदांडीनं केली.
मधे पिवळी टिकली, भोवती पाच पाकळ्या,
टोकाशी उंदरानं कुरतडल्यासारख्या.
लहानपणी गुडघा फुटला की हाच पाला चोळायचो,
नाव तेवढं माहीत नव्हतं.
तिचं नाव कळलं आणि मग शेजारचीही विचारायला लागली:
माका, पुनर्नवा, हरणखुरी,
पानांच्या पाठीला दाणे लपवणारी भुईआवळी.
फोनात जागा पुरेना, तेव्हा मेव्हण्याचा साखरपुडा पुसला.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

एकदा घाईत आघाडा मीटरच्या जागी गेला.
साहेब म्हणाले, याचं बिल कुणाला पाठवू?

मगदूम मामा कॉलेजात शिपाई होते.
वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली रोपं
छत्तीस वर्षं कागदावर शिवली त्यांनी.
नावं प्राध्यापक लिहायचे, टाका मामांचा.
आता काचबिंदूनं दिसत नाही,
म्हणून मी फोटो त्यांना फोनवर वाचून दाखवतो.

"पानं समोरासमोर, का एकाआड एक?"
मी फोटो दोन बोटांनी ताणतो.
"देठ?"
"फोटोत आला नाही."
"खोड गोल का चौकोनी?"
"ते नाही बघितलं."
"मग काय बघितलंस मर्दा?"
"फूल."
"फूल माझ्या नातवालापण दिसतंय."

तेव्हापासून मी गुडघ्यावर बसतो.
खोड चिमटीत फिरवतो, पान उलटं करतो,
चुरगळून हुंगतो, चीक निघतो का बघतो.
लोकांना वाटतं, वीजचोरी धरायला आलाय.
विश्रामबागेत एका गृहस्थानं घाबरून चहा आणला,
वर म्हणाला, ती वायर आमची नाही.
मी त्याच्या दारातला काटेमाठ टिपत होतो.

कर्नाळ रोडला आवटीबाईंच्या भिंतीवर
मोठ्या पुराची रेघ आहे, निळ्या रंगानं ओढलेली,
माझ्या डोक्याच्या हातभर वर.
बरोबर त्या रेघेवर, फटीत, एक रोप.
खाली तसलं नाही. वरही नाही.
हात उंचावून चार फोटो काढले, चारही हलले.

"पानं बुडाशी गोळा झालीत, मामा. फूल जांभळट,
तांदळाएवढं, त्याला दोन ओठ."
फोनवर बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"वरचं असंल. कोयनेकडचं. पाण्यासंगं आलं असंल."
"नाव?"
"आमच्या कपाटात नव्हतं."
मग म्हणाले, मला ने तिथं.

गाडीवर मागं बसले, माझा शर्ट धरून.
आवटीबाईंनी शिडी दिली, स्वतःच धरून उभ्या राहिल्या.
मी चढलो, एकच पान खुडलं, बाकी राहू दिलं.
मामांनी ते हातात घेतलं
आणि आधी उलटं केलं.
अंगठा शिरेवरून हळू नेला, टोकापर्यंत,
परत देठाकडं.
"लव आहे," म्हणाले. "पाठीलाच आहे. पोटाला नाही."
एवढंच.
बाईंनी विचारलं, औषधी आहे का?
मामा म्हणाले, माहीत नाही,
आणि हे म्हणताना ते हसत होते.

मग त्यांनी भिंत चाचपली, रेघेपाशी हात पुरेना.
इतकं आलं होतं होय, म्हणाले.
बाई म्हणाल्या, ही खूण दुसऱ्या दिवसाची.
तिसऱ्या दिवशी आम्ही बघायला इथं नव्हतो.

फोनात त्याची नोंद अशी आहे:
आवटीबाईंची भिंत, निळी रेघ, पाठीला लव.
नावाची जागा मोकळी.

या सगळ्यात त्यांच्या मीटरचा फोटो राहिला.
उद्या परत जायचंय.
पान माझ्या खिशात, बिलाच्या घडीत आहे,
मामांनी सांगितलंय, वाळलं की हुंगून बघ,
वास बदलतो का.