अर्धा तास

पाच वाजले की विहंगला तहान लागते.
मग शू. मग पेन्सिलला टोक काढायचं राहिलेलं असतं.
मग पोटात दुखतं, इथे, नाही इथे, थोडं वर.
तबला कोपऱ्यात, गवसणीतून अर्धा बाहेर,
डग्गा चुंबळीवर पाहुण्यासारखा अवघडून बसलेला.

मी सगळं करून पाहिलं.
फ्रिजवर चांदण्या चिकटवल्या, वीस झाल्या की शवर्मा.
त्याने एका दुपारी चौदा स्वतःच चिकटवल्या.
ओरडून पाहिलं. न ओरडून पाहिलं, ते जास्त कठीण.
"मिरजेहून आणलाय, विमानात मांडीवर घेऊन!"
यावर तो म्हणाला, मग तूच वाजव.

गुरुवारी इचलकरंजीहून वाटवे सर पडद्यावर येतात.
त्यांची सम तिकडे पडते आणि मस्कतला पोचते
जराशी उशिरा, समुद्र ओलांडून, दमलेली.
"मागे का पडतोस रे?" सर विचारतात.
"मी नाही, नेट," तो म्हणतो
आणि बहुतेक वेळा खोटं बोलत असतो.

एसीत पुडी ताणते, सूर चढतो,
खिडकी उघडली की जुलैची दमट हवा त्याला खाली ओढते.
हातोडी तेवढी आवडते त्याला.
गट्टे ठोकायला सांगा, तासभर ठोकेल.
खालच्या मजल्यावरच्या उम्म करीमनी जिन्यात गाठलं,
"तुमच्याकडचं सुतारकाम कधी संपणार?"
मी म्हटलं, इन्शाल्ला.

मग कालचा शनिवार.
गच्चीवरची टाकी कोरडी, नळाला नुसती हवा, माझे हात साबणाचे.
निळा टँकर आला, शेरजानने पाइप जोडला,
मोटर सुरू झाली
आणि भिंतींना कंप सुटला.
विहंग गॅलरीत, तोंडात ब्रश,
समोर रुवीचे बोडके डोंगर, सकाळीच तापलेले.
एकदम आत वळून म्हणाला,
"आई, मोटर झपताल वाजवतेय.
पण सातवी मात्रा खाते."

फेस हनुवटीवर तसाच.
मी काही बोलले नाही.
(मला झपताल मोजता येत नाही,
हे घरात अजून कुणाला माहीत नाही.)
त्याने गवसणी ओढली, मोटरच्या मागे मागे
धी ना, धी धी ना, ती...
ती जिथे अडखळायची तिथे हा एक 'ना' ठेवायचा,
जिना चढणाऱ्याला हात द्यावा तसा.
खाली शेरजानने मान वर करून पाहिलं,
पाना घेऊन दोनदा पंपाभोवती फिरला.

टाकी भरली. मोटर थांबली.
विहंग नाही थांबला, अजून तीन आवर्तनं,
मग तळवे पँटला पुसत त्याने विचारलं,
"टँकर परत कधी?"

आज दुपारी मी भांडी
जरा जास्तच पाण्यात विसळली.